काळ्या मातीची वाट आणि आजोबांची फटफटी

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा आहे. गोदावरीचा काठ सोडून तो नैऋत्येकडे वळतो, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकीत बालाघाटच्या पठारावरून जातो आणि मांजरेच्या खोऱ्यातील लातूरला पोहोचतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ असे त्याचे आजचे नाव आहे. मोटारीत बसून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची शेते दिसतात, मध्येच एखादी दालमिल दिसते आणि पाहता पाहता प्रवास संपतो.

परंतु या प्रदेशाचे खरे रूप डांबरावरून दिसत नाही. महामार्ग सोडून शे-दोनशे पावले आत गेले की काळी माती सुरू होते. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली ही माती पाणी लागताच फुगते आणि उन्हात सुकली की हातभर खोल भेगा पाडते. तिच्यातून जाणाऱ्या पाणंदी उन्हाळ्यात दगडासारख्या टणक असतात. मृगाच्या पहिल्या पावसानंतर त्याच पाणंदी वाहनाचे चाक धरून ठेवतात. चाक फिरते तसतशी माती त्याला लपेटत जाते, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली दोन बोटांची जागा भरून जाते आणि चाक जाम होते. मग चालक उतरतो, बाभळीची काडी मोडून चिखल कोरून काढतो, पन्नास पावले पुढे जातो आणि पुन्हा उतरतो.

या कटकटीतून सुटण्यासाठी मराठवाड्यातील पुष्कळ शेतकऱ्यांनी, दूधवाल्यांनी आणि फिरत्या व्यापाऱ्यांनी आपल्या मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड काढून टाकले किंवा ते वर उचलून बांधले. कोणी हँडल रुंद करून घेतले, कोणी मागच्या चाकाला खोल नक्षीचा टायर चढवला. ही शोभेची कामे नव्हती. गरजेतून सुचलेले उपाय होते. आज ज्या गाडीला शहरांतील तरुण मंडळी ‘स्क्रॅम्बलर’ म्हणतात आणि जिच्यासाठी मोठी रक्कम मोजतात, तिची बहुतेक लक्षणे या पाणंदींवर पूर्वीच दिसू लागली होती. तिला इंग्रजी नाव तेवढे नव्हते. ती सगळ्यांची फटफटी होती.

गोदाकाठचे नांदेड

नांदेड हे यात्रेकरूंचे शहर आहे. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे देशभरातील शीख भाविकांची पावले या गोदाकाठी वळतात. रेल्वेने येणारे भाविक पुष्कळ. पण काही तरुण पंजाबपासूनचा लांबचा पल्ला मोटारसायकलवरूनही पार करतात. नांदेडची दुसरी ओळख मोंढ्याची. कापूस, हळद, सोयाबीन आणि डाळी यांच्या उलाढालीवर हे शहर वाढले. अडत दुकानांच्या आणि कापडपेठेच्या या जगात ओसवाल, खंडेलवाल आणि मराठीभाषक सैतवाळ अशा जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार सांभाळला.

पूर्वी हा व्यवहार पेढीवर बसून पुरा होत नसे. आठवड्याच्या बाजारांना जावे लागे, उधारीची वसुली करावी लागे, माल पाहण्यासाठी खळ्यावर पोहोचावे लागे. बैलगाडी आणि सायकल यांच्यानंतर या कामाला मोटारसायकल आली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९६० मध्ये तो महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. देशातील मोटारसायकलींचा कारखानदारी इतिहासही जवळपास याच काळात आकार घेत होता. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि सैन्यासाठी घेतलेली बुलेट पुढे नागरी रस्त्यांवरही रुळली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून चेक बनावटीच्या जावा गाड्या बाहेर पडू लागल्या; सत्तरच्या दशकात त्यांनाच ‘येझदी’ हे नाव मिळाले. एस्कॉर्ट्‌स कंपनीने पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावरून राजदूत तयार केली.

तालुक्याच्या व्यापाऱ्याने यांपैकी बहुधा राजदूत निवडली. दिसायला ओबडधोबड, चालीला संथ, पण ओझे वाहणारी आणि दुरुस्तीला सोपी अशी ही गाडी होती. १७५ या नावाने ओळखले जाणारे तिचे टू-स्ट्रोक इंजिन इतके साधे की गावातला सायकल दुरुस्त करणारा माणूसही प्लग आणि पॉइंट पाहून ती चालू करून देई. येझदीचे अडीचशे सीसीचे इंजिन अधिक जोरकस होते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर होता आणि एकाच दांड्याने किक मारण्याचे व गिअर बदलण्याचे काम होई. तो दांडा आत दाबून वर फिरवला की किक तयार, ही करामत पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांना जादूसारखी वाटे.

जैन घरातील फिरत्या व्यापाऱ्यासाठी गाडीचा भरवसा ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती. सूर्यास्तापूर्वी भोजन हा ज्या घराचा नियम, त्या घरातील माणसाला लोहा किंवा कंधारचा बाजार आटोपून दिवस मावळण्याआधी परतावे लागे. वाटेत गाडी बंद पडली तर त्या रात्री उपवास ठरलेला. म्हणून डिकीत एक जादा प्लग, पॉलिश कागदाचा तुकडा, पाना आणि जुन्या धोतराचा फडका ही सामग्री कायम असे. ज्याला स्वतःच्या हाताने प्लग साफ करता येतो तोच सायंकाळी घरी जेवतो, हा धडा त्या पिढीने रस्त्यावरच घेतला होता.

शब्दाचा उगम आणि गाडीचा घाट

‘स्क्रॅम्बल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ हातापायांनी धडपडत चढणे असा आहे. १९२४ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे माळरानावर, चढ-उतारांवर आणि चिखलात मोटारसायकलींची एक शर्यत झाली. तिला ‘सदर्न स्कॉट स्क्रॅम्बल’ असे नाव मिळाले आणि तिथून हा प्रकार रूढ झाला. युरोपात पुढे तो ‘मोटोक्रॉस’ झाला. त्या काळी अशा शर्यतींसाठी वेगळ्या गाड्या बनत नसत. लोक रोजचीच गाडी घेत, तिचे दिवे आणि जड भाग उतरवत, सायलेन्सर वर उचलत, रुंद हँडल लावत आणि मैदानात उतरत. साठच्या दशकात होंडा, ट्रायम्फ यांसारख्या कारखान्यांनी अशा गाड्या तयार स्वरूपातच विकायला आणल्या. नंतर खास शर्यतीसाठी हलक्या, उंच गाड्या आल्या आणि जुन्या घाटाची स्क्रॅम्बलर मागे पडली.

एकविसाव्या शतकात ती परतली. भारतात २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली. २०२२ च्या जानेवारीत येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले, तेव्हा तिच्या तीन गाड्यांपैकी एकीचे नावच स्क्रॅम्बलर होते. २०२३ मध्ये बजाज आणि ट्रायम्फ यांच्या सहकार्यातून पुण्याजवळच्या चाकण येथे तयार झालेली स्क्रॅम्बलर ४०० एक्स आली. म्हणजे ज्यांना असा घाट आवडतो त्यांच्यासाठी कारखान्यात तयार झालेली, कागदपत्रांसह मिळणारी गाडी आज उपलब्ध आहे.

तरीही जुनी गाडी घेऊन ती आपल्या हाताने बदलण्याची ओढ कमी झालेली नाही. नांदेड-लातूरच्या व्यापारी घरांपुढे एक प्रश्न उभा राहतो तो येथेच. गोदामाच्या कोपऱ्यात, बारदान्याच्या थप्पीमागे, आजोबांची राजदूत किंवा येझदी वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली असते. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा नातू दिवाळीला घरी येतो, बारदाना बाजूला करतो आणि म्हणतो, हिची स्क्रॅम्बलर करू. वडील म्हणतात, भंगारात दिली तरी चालेल. आजी काहीच बोलत नाही. पदराने टाकीवरची धूळ पुसते. गाडी एक आणि तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा तीन. यांतील कोणती नजर बरोबर, याचे उत्तर याच रस्त्यावर पुढे शोधता येते.

माळेगावची पारख

लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस येथे खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा मोठा बाजारही. घोडे, गाढवे, उंट, बैल यांची येथे दूरदूरहून आवक होते. या बाजारात घोडा घेणारा जाणता माणूस प्रथम रंग पाहत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, जनावर चालवून त्याची चाल पाहतो. देखण्या आयाळीला भुलणारा फसतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

जुन्या मोटारसायकलची पारख याहून वेगळी नाही. जाणता कारागीर रंग आणि क्रोम बाजूला ठेवून सांगाडा पाहतो. मानेपाशी तडा आहे का, मागे कोणी कधी वेल्डिंग केले आहे का, गाडी सरळ चालवली तर दोन्ही चाके एका रेषेत येतात का, हे तो तपासतो. इंजिनवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय तो हत्याराला हात लावत नाही. क्रमांक जुळला नाही तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी महाग आहे.

या परिसराने पारखीच्या जोरावर आणखी एक ठेवा जपला आहे. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा लाल कंधारी गोवंश आणि लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने प्रसिद्ध झालेला देवणी गोवंश हे दोन्ही येथल्या माळावर, येथल्या उन्हात घडले. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची गरज कमी झाली, संकराचे प्रयोग झाले. तरीही शुद्ध वाण राखणारी घरे उरली. एकदा वाण मिसळले की मूळ वाण परत मिळत नाही, हे त्यांना कळत होते. लोखंडाच्या वस्तूला वाण नसते असे कोणी म्हणेल. पण ज्या कारखान्याचे दार १९९६ मध्ये बंद झाले, त्या म्हैसूरच्या येझदीचा कापलेला सांगाडा तरी पुन्हा कुठून यावा?

येथून आडवाटेला असलेल्या कंधारचा भुईकोट किल्ला आणि परिसरातील भग्न शिल्पे राष्ट्रकूटांच्या वैभवाची आठवण देतात. लातूरचे प्राचीन नाव लट्टलूर मानले जाते आणि राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात या नगराचा अभिमानाने उल्लेख करीत. त्याच घराण्यातील नवव्या शतकातील सम्राट अमोघवर्ष आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानत असे. जैन वाचकाला हा प्रदेश म्हणूनच केवळ बाजारपेठेचा वाटत नाही. जुन्या वस्तूंकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे शिकवणारे दगड येथे वाटेवरच उभे आहेत.

कारागिराच्या ओट्यावर

स्क्रॅम्बलर करणे म्हणजे नेमके काय करणे? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मडगार्ड छोटे केले, सीट आखूड केली, टायर बदलले की काम झाले. प्रत्यक्षात प्रत्येक बदल दुसऱ्या बदलाला हाक मारतो. चिखल आणि दगड लागू नयेत म्हणून सायलेन्सर वर उचलला की तो मांडीजवळ येतो. मग भाजू नये म्हणून त्यावर पत्र्याचे संरक्षण हवे. राजदूत किंवा येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरची लांबी आणि पोटाचा आकार यांवर इंजिनाची ताकद अवलंबून असते. दिसायला छान म्हणून तो कापला की गाडी खालच्या गतीला दम सोडते आणि पेट्रोलही अधिक पिते. पुढचे शॉकअब उंच केले की मानेचा कोन बदलतो, गाडी वळायला जड होते. मागे मोठे स्प्रॉकेट बसवले की चढावर ओढ मिळते, पण सपाटीवरचा वेग जातो. ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर मातीत पकड देतात आणि तेच ओल्या डांबरावर घसरतात. जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची. तिच्या मिणमिणत्या दिव्यावर आजच्या महामार्गावर रात्री निघणे धोक्याचेच.

एक गोष्ट मात्र जैन घरांत ठामपणे सांगितली जाते. हौशी गाड्यांच्या जगात कातड्याच्या सीटला मान आहे. या घरांतील तरुण कारागिराला सांगतात, सीट रेक्झिनचीच हवी किंवा जाड कापडाची, हँडलच्या मुठी रबराच्या आणि पिशव्या कॅनव्हासच्या. कारागीर हसतो आणि तशीच बनवून देतो. आपला आचार आपल्या वस्तूंत उतरावा यासाठी कोणाशी वाद घालावा लागत नाही. काम देतानाच स्पष्ट सांगावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत नमूद झालेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. सांगाडा कापलेली गाडी या तपासणीत कशी उभी राहणार, याचा विचार करवत चालवण्यापूर्वी झाला पाहिजे. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते. व्यापारी घराची पत कागदावर उभी असते. ज्या घरात वहीतला एक आकडा खोडत नाहीत, त्या घराच्या गाडीचे कागद खोटे पडू नयेत.

कायद्याने एक दार बंद केले, तसे दुसरे उघडलेही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि सांगाडा, इंजिन यांत मोठे फेरफार न करता मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, तांत्रिक अभ्यास, देखभाल अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. आता हिशेब करावा. आजोबांनी १९७० ते १९७५ च्या दरम्यान घेतलेली राजदूत किंवा जावा आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिला मूळ रूपात ठेवले तर ती ठेवा ठरते. तिला कापले तर ना ती व्हिंटेज राहते, ना धड कायदेशीर स्क्रॅम्बलर होते. व्यापाऱ्याच्या भाषेत, एका दिवसाच्या हौसेत मूळ भांडवल बुडते.

लातूरची गोलाई

चाकूर मागे पडले की लातूर जवळ येते. शहराच्या मध्यभागी गंजगोलाई आहे. मधोमध देवीचे मंदिर, भोवती गोलाकार बाजार आणि त्यातून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. धान्य, कापड, सराफा, भांडी अशा एकेका मालाची पेठ एकेका रस्त्याने वाढली. डाळी आणि सोयाबीन यांच्या व्यवहारात लातूरचा भाव राज्याबाहेरही विचारला जातो. दुष्काळाने या शहराची परीक्षा पाहिली तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. अशा गावात वस्तूची किंमत तिच्या झगमगाटावर ठरत नाही. ती किती काळ उपयोगी पडते यावर ठरते.

दुचाकीच्या व्यवसायात जैन समाजाचे योगदान आठवण्यासाठी ही जागा योग्य आहे. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांनी उभारलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली. पन्नास सीसीचे इंजिन आणि सायकलसारखे पायडल असलेले हे छोटे वाहन शिक्षक, दुकानातील मुनीम, विद्यार्थी, घरोघरी माल पोहोचवणारे विक्रेते अशा सामान्य माणसांच्या आवाक्यात आले. इंजिन बंद पडले तर पायडल मारीत घर गाठता येई. लूना चिखलात शर्यत लावणारी नव्हती. पण तिच्यामागचा विचार स्क्रॅम्बलरच्या मूळ विचाराजवळचा होता. ज्या वाटेवर जायचे त्या वाटेला आणि ज्याला जायचे त्याच्या खिशाला साजेसे वाहन असावे, हा तो विचार. आवश्यक तेवढेच ठेवणे आणि अनावश्यक ते उतरवणे, ही अपरिग्रहाची शिकवण यंत्रालाही लागू पडते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

या दृष्टीने पाहिले तर नातवाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आजोबांची गाडी मूळ रूपात उभी करावी. तिचे इंजिन उघडावे, बेअरिंगे बदलावीत, टाकीतला गंज काढावा, वायरिंग नवे करावे, जुना रंग शोधून तोच द्यावा. हे काम कापण्यापेक्षा अवघड आहे आणि शिकवणारेही आहे. राजदूत-येझदी डोळे मिटून खोलू शकणारे जुने कारागीर आता वयस्क झाले आहेत आणि त्यांची मुले बहुधा दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. सुटीचे चार आठवडे अशा कारागिराच्या ओट्यावर बसून काढणाऱ्या मुलाला जे ज्ञान मिळेल ते कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही. मातीच्या वाटेने फिरायची हौसच असेल तर त्यासाठी कारखान्यातून कागदपत्रांसह निघालेली गाडी आहे. त्या गाडीवर हेल्मेट घालून, आपल्या कमाईतून पेट्रोल भरून जावे.

चाकाखालची माती

तरीही एक प्रश्न उरतो आणि जैन वाचकाच्या मनात तो सर्वांत आधी आला असेल. स्क्रॅम्बलरचा खरा आनंद पावसाळ्यात, ओल्या गवतात, चिखलात मानला जातो. नेमक्या याच चार महिन्यांत आपले साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. पावसाने जमिनीवर असंख्य जीव जन्म घेतात, अंकुर फुटतात, म्हणून पाऊल कमीत कमी पडावे, हा चातुर्मासाचा हेतू. ईर्यासमिती पाळणारा साधक पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतो. दीडशे किलोंची गाडी ओल्या माळावरून मौजेखातर भरधाव नेणाऱ्याला चार हातांवरचे काय दिसणार?

याचे उत्तर वाहन सोडून देणे असे कोणी गृहस्थाला सांगत नाही. खळ्यावर जाणारा व्यापारी पूर्वीही पाणंदीने जात होता आणि त्याला जावेच लागत होते. कामासाठी जाणे आणि खेळासाठी जमीन चिरडणे, यांतला फरक मात्र ओळखता येतो. चातुर्मासात माळावर गाडी न घालण्याचा नियम तरुणांनी घ्यावा. तो अवघड नाही. हिवाळ्यात, वाटा सुकल्यावर, मळलेल्या गाडीवाटेने औशाजवळची खरोशाची लेणी पाहायला जावे किंवा उदगीरचा किल्ला पाहावा. गाडी पायथ्याशी लावावी आणि वर चालत जावे.

लातूरच्या दक्षिणेला किल्लारी आहे. तिथे जाताना सायलेन्सरचा आवाज मोठा असू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून माणसे दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे पुन्हा उठली नाहीत. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि संगोपनाची जबाबदारी घेतली. आज त्या भागात नवी वसवलेली गावे आणि रुंद रस्ते आहेत. जुन्या गावठाणांत झुडपे वाढली आहेत आणि उंच चाकाची गाडी तिथल्या वाटेने सहज जाऊ शकते. जाऊ शकते म्हणून ती जोरात नेऊ नये. अशा ठिकाणी इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत नेणारा तरुण दिसला, तर त्याच्या घरच्यांनी त्याला काहीतरी दिले आहे असे समजावे.

मोटारसायकलचा एक उपयोग मात्र या रस्त्यावर कोणालाही आवडावा असा आहे. चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमा होते आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. महामार्ग रुंद झाले तसा अवजड वाहनांचा वेगही वाढला. अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्यांना मोठा धोका निर्माण झाला. म्हणून गावोगावची युवक मंडळे विहारसेवेला जातात. चमकणारी जाकिटे घालून काहीजण पुढे चालतात आणि मागे एखादी मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये, दिवे लावून, माणसाच्या पावलाच्या गतीने चालत असते. येणाऱ्या ट्रकला ती दुरूनच दिसते.

इतक्या संथ गतीने गाडी चालवणे सोपे नाही. क्लच सांभाळावा लागतो, तोल राखावा लागतो, नजर पुढच्या चार हातांवर आणि कान मागच्या रस्त्याकडे ठेवावे लागतात. चिखलात उड्या मारायला जेवढे कसब लागते त्याहून हे कसब कमी नाही. नांदेडच्या बाहेर पहाट फुटत असते, उजाडेपर्यंत पुढच्या मुक्कामाचे अंतर निम्मे होते. मग दिवा बंद करून, वंदन करून तो तरुण गाडी वळवतो आणि दुकान उघडायच्या वेळेला घरी पोहोचतो.